तहान लागण्यापूर्वीची विहीर

(राळेगणसिद्धी, ता. पारनेर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पारनेर तालुका अवर्षणप्रवण आहे. येथील शेतकऱ्याला पाण्याविषयीची एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पाऊस कोसळू लागल्यावर नाल्याला बांध घालता येत नाही; तो उन्हाळ्यात, आभाळ कोरडे असतानाच घालावा लागतो. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन राळेगणसिद्धीस परतले. त्यानंतरच्या काळात या गावाने नालाबांध, पाझर तलाव आणि धान्य बँक उभारून जे दाखवून दिले, ते मुळात एवढेच की, संकटाची तयारी संकटापूर्वी करावयाची असते आणि ती गावाने मिळून करावयाची असते. त्याच १९७५ सालच्या २५ जूनला देशात आणीबाणी जाहीर झाली आणि पुढील एकवीस महिन्यांत लाखाहून अधिक माणसे तुरुंगात गेली. पाण्याने शिकविलेला धडा गावाने मनावर घेतला. त्या तुरुंगवासाने शिकविलेला धडा मात्र चळवळींनी तितका मनावर घेतलेला दिसत नाही. तो धडा असा की, ज्याला अटक होण्याचा संभव आहे त्याने व त्याच्या संघटनेने आपला वकील अटकेपूर्वीच शोधून ठेवला पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे वचन सर्वांना पाठ आहे. परंतु वकिलाच्या बाबतीत बहुतेक जण तहान लागल्यावरच कुदळ शोधू लागतात.

विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. भांडवलशाही, जातिव्यवस्था, शेतीमालाचा भाव या प्रश्नांसमोर वकिलाचा पत्ता लिहून ठेवण्यास काय महत्त्व, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या कार्यकर्त्याच्या खांद्यावर हे मोठे प्रश्न आहेत, तोच कार्यकर्ता चार महिने कोठडीत राहिला तर त्या प्रश्नांचे काय होते, हेही पाहिले पाहिजे.

प्रथम हक्क कोणता आहे ते पाहू जाता असे दिसते की, राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या व्यक्तीस तीन गोष्टी दिल्या आहेत. अटकेची कारणे तिला शक्य तितक्या लवकर सांगितली गेली पाहिजेत. तिच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्यास व त्याच्यामार्फत बचाव करण्यास तिला मोकळीक असली पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. यातील ‘पसंतीचा वकील’ हे शब्द नीट वाचावेत. पसंती ही निवड आहे आणि निवडीस वेळ, माहिती व मोकळे मन लागते. रात्री अकरा वाजता पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या माणसाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याचा फोन बहुधा काढून घेतलेला असतो. घरच्यांना कोणाकडे जावे ते सुचत नाही. मग जो कोणी न्यायालयाच्या आवारात सकाळी भेटेल तोच ‘पसंतीचा’ वकील ठरतो. घटनेने चोवीस तासांचा हक्क दिला खरा, पण तो वापरता येण्यासाठी त्या चोवीस तासांच्या आधीचे काही दिवस कामी लावावे लागतात.

याच अनुच्छेदाचा तिसरा भाग कमी वाचला जातो. वकिलाचा आणि चोवीस तासांचा हक्क प्रतिबंधक स्थानबद्धतेस लागू नाही, असे तो सांगतो. जिने काही केले आहे अशा व्यक्तीस अटक करणे ही एक गोष्ट; जी काही करील अशी सरकारला शंका आहे अशा व्यक्तीस डांबून ठेवणे ही दुसरी. पहिल्या प्रकारात वकील न्यायालयात उभा राहतो. दुसऱ्या प्रकारात उभे राहण्यास न्यायालयच समोर नसते. शांततेच्या काळातही खटल्यावाचून स्थानबद्धता चालविणारी तरतूद आपल्या मूळ घटनेतच आहे, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

हा भेद महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवला आहे. १८९७ साली पुण्यात रँडचा वध झाल्यानंतर लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांच्या वतीने बॅरिस्टर दावर यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. पुढे शिक्षा झाली ती झालीच. तथापि बचावाची तयारी त्यांना बाहेर राहून करता आली. त्याच वर्षी पुण्याच्या नातू बंधूंना सरकारने मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचलले. त्यांच्यावर आरोप नव्हता, खटला नव्हता. म्हणून बचावही नव्हता. एकाच वर्षी आणि एकाच सरकारच्या हातून घडलेल्या या दोन घटनांत जे अंतर आहे, ते कायद्याच्या दोन पुस्तकांचे अंतर आहे. कार्यकर्त्याने आपल्यावर कोणते पुस्तक उघडले गेले आहे हे पहिल्या तासात ओळखले पाहिजे, आणि ते ओळखण्यासाठी जाणकार माणूस हाताशी हवा.

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील भुईकोट किल्ला याच इतिहासाचा साक्षीदार आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य तेथे आणून डांबण्यात आले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद आणि वल्लभभाई पटेल यांच्याबरोबर समाजवादी विचारांचे आचार्य नरेंद्र देव व महाराष्ट्राचे शंकरराव देव हेही तेथे होते. कोणावरही खटला चालला नाही. नेमक्या याच काळात मुंबई इलाख्यातील केशव तळपदे या स्थानबद्धाचे प्रकरण फेडरल न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने ज्या नियमाखाली ही स्थानबद्धता चालली होती तो भारत संरक्षण नियमांतील २६ वा नियमच कायद्याच्या मर्यादेबाहेरचा ठरविला. सरकारने लागलीच वटहुकूम काढून ती फट बुजविली, हे खरे. परंतु युद्ध चालू असताना, हजारो लोक तुरुंगात असताना, एका स्थानबद्धाच्या वकिलांनी सरकारला आपलाच नियम बेकायदा होता असे न्यायालयाच्या तोंडून ऐकण्यास लावले. अशा निर्णयांनी तुरुंगाची दारे एकदम उघडत नाहीत; पण सत्ताधाऱ्यांना प्रत्येक वेळी कारण द्यावे लागते, कागद करावा लागतो, आणि कागदात चूक सापडू शकते.

आणीबाणीत हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. शहा आयोगाच्या अहवालानुसार एकट्या ‘मिसा’खाली सुमारे ३५ हजार माणसे स्थानबद्ध झाली. २६ जून १९७५ रोजी बंगळूर येथे संसदीय समितीच्या कामासाठी गेलेले मधु दंडवते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी व श्यामनंदन मिश्र यांना अटक झाली. दंडवते हे याच नगरचे सुपुत्र. त्यांची पत्नी प्रमिला दंडवते यांनाही येरवड्यात ठेवण्यात आले. बंगळूरच्या कैद्यांसाठी तेथील वकील पुढे आले, देहोपस्थितीच्या याचिका दाखल झाल्या आणि मुंबईहून मोहम्मद करीम छागला यांच्यासारखे ज्येष्ठ कायदेपंडित तेथे जाऊन उभे राहिले. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी अशा याचिका ऐकता येतात असा कौल दिला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक मतांनी तो दरवाजा बंद केला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना तेवढे एकटे वेगळे राहिले. स्थानबद्धांच्या बाजूने तेथे शांतिभूषण होते आणि सासवडचे वि. म. तारकुंडे होते. ते वकील त्या दिवशी हरले. परंतु त्यांनी मांडलेला युक्तिवाद आणि खन्नांनी लिहिलेले भिन्नमत नष्ट झाले नाही. २०१७ साली खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरचा निर्णय चुकीचा ठरवून रद्द केला. वकील शोधून ठेवणे म्हणजे खटला जिंकण्याची हमी नव्हे. अन्यायाची नोंद राहील याची मात्र ती खात्री आहे.

राळेगणसिद्धीकडे पुन्हा वळावे. १६ ऑगस्ट २०११ रोजी दिल्लीत उपोषणाला निघण्यापूर्वीच अण्णा हजारे यांना मयूर विहारमधून पोलिसांनी ताब्यात घेतले. उपोषणाचे दिवस आणि जमणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवण्याच्या अटी त्यांनी मान्य केल्या नव्हत्या. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर त्यांनी जातमुचलका देण्यास नकार दिला आणि त्यांची रवानगी सात दिवसांसाठी तिहार तुरुंगात झाली. संध्याकाळपर्यंत सरकारने सुटकेचा आदेश काढला, पण अटी निघेपर्यंत ते बाहेर आले नाहीत. १९ ऑगस्टला बाहेर आले ते रामलीला मैदानावर जाण्यासाठी. त्यांच्या आंदोलनाविषयी समाजवाद्यांमध्ये मतभेद आहेत आणि ते असावेत. येथे मुद्दा निराळा आहे. जबलपूर प्रकरण लढलेले आणि पुढे जनता सरकारात कायदामंत्री झालेले शांतिभूषण त्या आंदोलनाच्या अग्रभागी होते. जातमुचलका म्हणजे काय, तो नाकारल्यास काय होईल, किती दिवस, कोठे, कोणाच्या आदेशाने, हे सर्व आधी जाणून घेण्याची सोय तेथे होती. नकार हा त्यामुळे विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरला. १९९८ साली तत्कालीन मंत्री बबनराव घोलप यांनी दाखल केलेल्या मानहानीच्या खटल्यात शिक्षा होऊन अण्णा येरवड्यात गेले होते. तो मार्ग खटल्याचा होता, दिल्लीतील मार्ग प्रतिबंधाचा. दोहोंची चाल वेगळी.

आता त्याच पारनेर तालुक्यातील एका सामान्य शेतमजूर कार्यकर्त्याचा विचार करावा. मंत्र्यांचा दौरा ठरला की त्याच्या हातात प्रतिबंधक नोटीस पडते. पूर्वी ती १४९ ची नोटीस म्हणून ओळखली जाई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६८ झाले आहे. दौऱ्याच्या दिवशी पहाटे त्याला उचलून ठाण्यात बसविले जाते. ही अटक पूर्वीच्या १५१ ची, आताच्या १७० ची. मग ‘चॅप्टर केस’ होते, आणि कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसलेल्या तहसीलदारासमोर त्याला शांतता राखण्याचा बंधपत्र व जामीनदार देण्यास सांगितले जाते. जामीनदार कोणता, तर ज्याच्या नावावर सातबारा आहे किंवा ज्याच्याजवळ ऐपतीचा दाखला आहे. भूमिहीनाचे आप्तही बहुधा भूमिहीनच असतात. जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार नाही म्हणून आत राहणारा माणूस हा आपल्या न्यायव्यवस्थेतील वर्गभेदाचा सर्वांत उघडा पुरावा आहे. १९७८ साली मोतीराम प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर असाच एक गरीब गवंडी आला होता. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागण्यात आला होता आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातील म्हणून नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम हजारावर आणली आणि दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून जामीनदार नाकारणे गैर ठरविले. हा निर्णय तहसील कचेरीत दुपारी तीन वाजता ज्याला आठवेल असा माणूस सोबत असणे, यातच सारा फरक आहे.

वेळेचे महत्त्व किती, याचे अलीकडील उदाहरण पुणे पोलिसांच्याच कारवाईत आहे. २८ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांनी एल्गार परिषद प्रकरणात देशाच्या वेगवेगळ्या शहरांत एकाच दिवशी अटका केल्या. दिल्लीत गौतम नवलखा यांच्यासाठी त्यांच्या वकिलांनी त्याच दुपारी उच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका आणली आणि न्यायालयाने त्यांना दिल्लीबाहेर नेण्यास मनाई केली. १ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने तो ट्रान्झिट रिमांडच रद्द केला. दंडाधिकाऱ्यासमोर ठेवलेली मूळ कागदपत्रे मराठीत होती आणि ती त्यांना वाचता येणारी नव्हती, ही गोष्टही न्यायालयाने लक्षात घेतली. नवलखा यांना पुढे एप्रिल २०२० मध्ये शरण जावे लागले, हेही सांगितले पाहिजे. तरीही त्या दुपारी काही तास उशीर झाला असता तर याचिकेचे स्वरूपच बदलले असते. याच प्रकरणात जून २०१८ मध्ये नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना आणि ऑगस्टमध्ये वकील सुधा भारद्वाज यांना अटक झाली होती. इतरांचे खटले चालविणारेच गजाआड गेले. यावरून निघणारा बोध असा की, एक वकील पुरेसा नाही.

या सर्वांवर काही कार्यकर्ते प्रामाणिक आक्षेप घेतात. पहिला आक्षेप सत्याग्रहाच्या तत्त्वाचा आहे. १९२२ साली गांधीजींनी अहमदाबादच्या न्यायालयात बचाव न करता गुन्हा कबूल केला. मग त्यांच्या वारसांनी वकील का शोधावा? उत्तर असे की, गांधीजी स्वतः बॅरिस्टर होते. आपण काय नाकारीत आहोत ते त्यांना पूर्ण ठाऊक होते. ज्याला जामिनाचा मार्ग माहीत आहे आणि जो तरीही तुरुंग पत्करतो, त्याचा त्याग हा सत्याग्रह होय. ज्याला मार्गच माहीत नाही म्हणून जो आत राहतो, त्याच्या तुरुंगवासाला त्याग म्हणणे ही त्याची थट्टा आहे. शिवाय नेत्याने जामीन नाकारला म्हणून त्याच्याबरोबर पकडलेल्या रोजंदारीवरील मजुरानेही तो नाकारलाच पाहिजे, असा दंडक कोणी घालू नये. त्याच्या एका दिवसाच्या गैरहजेरीने त्याच्या घरची चूल थंड होते. त्याचा निर्णय त्याचा असावा, आणि तो त्याला वकिलाशी बोलून घेता यावा.

दुसरा आक्षेप असा की, अशा तयारीने भय पसरते. अनुभव याच्या उलट आहे. अटकेनंतर काय होईल हे ज्या स्त्रीला ठाऊक नसते, ती मोर्चाला येण्यास कचरते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, आपल्याला अटक करता येत नाही. झडती स्त्रीनेच घेतली पाहिजे. आपला वकील कोण आहे आणि मुलांना कोण पाहणार आहे, हे तिला आधी सांगितले की तिचे पाऊल घट्ट पडते. भय अज्ञानातून येते.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेत वकिलाचा हक्कच नसेल तर वकील शोधून उपयोग काय? १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा बारा महिन्यांपर्यंत खटल्याविना डांबू देतो. महाराष्ट्राचा १९८१ चा एमपीडीए कायदाही, जो झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्यासाठी म्हणून आला आणि ज्यात पुढे वाळूतस्करांसारखे नवे वर्ग जोडले गेले, तितकीच मुदत देतो. धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना राष्ट्रीय सुरक्षा वटहुकुमाखाली डांबले असता त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८१ मधील निकालात न्यायालयाने कायदा कायम ठेवला आणि सल्लागार मंडळासमोर वकिलाचा हक्क नाही असेही सांगितले. पण दोन दारे किलकिली ठेवली. सरकार आपल्या बाजूने कायदेतज्ज्ञ उभा करील तर स्थानबद्धालाही तो मिळाला पाहिजे. आणि प्रत्यक्षात वकील नसलेल्या एखाद्या मित्राचे साहाय्य त्याला घेता येईल. म्हणजे येथे वकिलाबरोबरच एक ‘मित्र’ही आधी ठरवून ठेवावा लागतो. शांत डोक्याचा, कागद जपणारा, स्थानबद्धाच्या कामाची खडान्‌खडा माहिती असलेला असा तो मित्र हवा. मंडळासमोर वकील नसला तरी निवेदन लिहून देणारा वकील असतोच, आणि उच्च न्यायालयात तर त्यालाच उभे राहायचे असते. स्थानबद्धतेचे आदेश रद्द होतात ते बहुधा अशाच गोष्टींवर: आधारभूत कागद दिले नाहीत, ते समजणाऱ्या भाषेत नव्हते, निवेदनाचा विचार करण्यास अकारण विलंब केला. या तारखा व पोचपावत्या पहिल्या दिवसापासून कोणीतरी टिपून ठेवाव्या लागतात.

येथवर कार्यकर्त्यांचा विचार झाला. पण तयारीची गरज सर्वांत अधिक आहे ती ज्याला ती मुळीच परवडत नाही त्याला. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाणे परिसरातून पश्चिम बंगालमधील काही मजुरांना बांगलादेशी ठरवून पकडले गेले आणि सीमेपलीकडे ढकलण्यात आले. त्या राज्याच्या सरकारने हस्तक्षेप केल्यावर त्यांना परत आणावे लागले. ते भारतीय नागरिक होते. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकली होती आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यानेही ती तशीच ठेवली. कामाच्या ठिकाणावरून उचललेल्या गवंड्याने गावचा जन्मदाखला, आईवडिलांची मतदारयादीतील नोंद कोठून आणावी? अमेरिकेत परदेशस्थ मराठी कुटुंबांसह सर्व स्थलांतरितांना हाच प्रश्न निराळ्या रूपात भेडसावतो. तेथे हद्दपारीचे काम फौजदारी मानले जात नाही. वकील करण्याचा हक्क आहे, पण सरकार वकील पुरवीत नाही. म्हणून तेथील स्थलांतरितांच्या संस्था लोकांना सांगतात की, वकिलाचा क्रमांक पाठ करा, कागदांच्या प्रती विश्वासू माणसाकडे ठेवा, मुलांची व्यवस्था लिहून ठेवा. संगणक अभियंता असो की बांधकाम मजूर, हा सल्ला दोघांनाही सारखाच लागू आहे. नगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर ऊस तोडण्यास येणाऱ्या मजुरांनाही, ज्यांची ओळखपत्रे गावच्या पेटीत आणि बिऱ्हाड फडावर असते, तो तितकाच लागू आहे.

मग करावयाचे काय? कामे साधी आहेत. तालुक्याच्या न्यायालयात फौजदारी काम करणारे दोन वकील, जिल्ह्याच्या ठिकाणी एक आणि उच्च न्यायालयात एक, अशी साखळी असावी. नगर जिल्ह्याची याचिका मुंबईस नव्हे, छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठापुढे जाते, हे आयत्या वेळी कळून उपयोग नाही. वाटणीचे व सातबाऱ्याचे दावे चालविणारा वकील कितीही सज्जन असला तरी रिमांडच्या कामाला तो पुरेसा नसतो. वकिलाला आधी भेटून फी किती, रात्री फोन घेणार का, सरकारविरुद्ध उभे राहण्यास अडचण नाही ना, हे स्पष्ट विचारावे. सही केलेली वकीलपत्रे त्याच्याकडे असावीत. ज्यांच्या नावावर जमीन आहे अशा सहानुभूतीदारांची, जामीनदार म्हणून उभे राहण्याची तयारी आहे का, याची यादी असावी. प्रत्येक कार्यकर्त्याने अटकेची खबर कोणाला द्यावी ते नाव ठरवून ठेवावे, कारण अटक झालेल्याने सांगितलेल्या नातेवाइकाला वा मित्राला कळविणे व तशी नोंद करणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. चौकशीच्या वेळी वकिलास भेटण्याचा हक्क संहितेच्या ३८ व्या कलमात आहे. संपूर्ण चौकशीभर तो शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, निदान रिमांडसाठी उभे करण्यापूर्वी दोन तास तरी दिली पाहिजेत, असे सांगितले. तो कागद मागून घ्यावा. आजारी कार्यकर्त्याची औषधांची चिठ्ठी घरात अशा जागी असावी की ती दुसऱ्यालाही सापडेल.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही विम्याचीच गोष्ट आहे. अटकेची जोखीम सर्वांवर आहे, प्रत्यक्ष संकट थोड्यांवर येते, आणि ज्याच्यावर येते त्याला त्या क्षणी वकिलाची किंमत ठरविण्याची ताकद नसते. जो अडला आहे त्याच्याकडून बाजार नेहमीच जास्त घेतो. सावकाराचे व्याज आणि अर्ध्या रात्री शोधलेल्या वकिलाची फी यांचे अर्थशास्त्र एकच आहे. राळेगणच्या धान्य बँकेने यावर तोड काढली होती. ज्याच्याकडे सुगीत धान्य अधिक झाले त्याने ते ठेवावे, ज्याला टंचाई आली त्याने न्यावे आणि पुढच्या सुगीत थोडे वाढवून परत करावे. बचाव निधी याच धर्तीवर प्रत्येक तालुक्यात उभारता येईल. महिन्याची वर्गणी अल्प असावी, हिशेब उघडा असावा, आणि निधी पक्षाच्या सभासदापुरता मर्यादित नसावा.

याचा अर्थ सरकारची जबाबदारी संपली असा नव्हे. १९८३ साली पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला आदेश दिला की, कोणालाही अटक करून कोठडीत आणताच पोलिसांनी जवळच्या कायदेविषयक साहाय्य समितीला ताबडतोब कळवावे. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्याच आवारात असते. तेथे जाऊन पॅनेलवरील वकिलांची नावे मागणे, ती चावडीवर व ठाण्याच्या फलकावर लागतात की नाही ते पाहणे, हे पक्षकार्यच आहे. आणि मूळ कायद्यांविरुद्धचा लढा तर चालूच राहिला पाहिजे. खटल्याविना स्थानबद्धतेची तीन महिन्यांची मर्यादा दोनवर आणणारी व सल्लागार मंडळाची रचना सुधारणारी जी तरतूद १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत होती, ती त्यानंतरच्या कोणत्याही सरकारने अंमलात आणली नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत करून संघटनाच बेकायदा ठरविण्याचा नवा अधिकार सरकारच्या हाती दिला. अशा कायद्यांना विरोध करणाऱ्यांवरच ते प्रथम वापरले जाण्याचा संभव असतो. म्हणून विरोध आणि बचावाची तयारी ही दोन्ही कामे बरोबरच चालली पाहिजेत.

या कामाला सभागृह लागत नाही, मोठा निधी लागत नाही, की कोणाची परवानगी लागत नाही. येत्या आठवड्यात प्रत्येक तालुका शाखेने दोन माणसे न्यायालयात पाठवावीत, वकिलांशी बोलावे, चार नावे व चार क्रमांक एका कागदावर लिहावेत आणि तो कागद प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरी, तो स्वतः नसताना घरातील माणसाला सापडेल अशा जागी पोहोचवावा. पुढील मोर्चाची तारीख त्यानंतर ठरवावी.